आजीने कोणत्या भाषेत बोलायचं?

गेल्या दिवाळीत आई आमच्याकडे पंधरा दिवस राहायला आली होती. तिसऱ्या की चौथ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसचा कॉल संपवून मी बाहेर आले, तर आई आणि माझी चार वर्षांची लेक हॉलमध्ये समोरासमोर बसलेल्या. मध्ये ठोकळे. लेक इंग्रजीत भराभर काहीतरी सांगत होती, बहुतेक तो ठोकळ्यांचा एअरपोर्ट होता, आणि आई मान हलवत 'यस, यस' म्हणत होती. मला पाहिल्यावर तिने हळूच विचारलं, "मी हिच्याशी कोणत्या भाषेत बोलायचं?"

"कोणत्या म्हणजे? मराठीत बोल ना."

"तुम्ही घरी इंग्लिशच बोलता ना तिच्याशी. बाईंनी सांगितलंय म्हणे. मग मी मधेच मराठी बोलले तर तिचं बिघडायचं."

आईच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, मी भांडले असते. ती खरोखरच नियम विचारत होती, जसं दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात गेल्यावर आपण विचारतो की खरकटं कुठे काढायचं. आणि हा नियम तिच्या ओळखीचा होता, कारण तीस वर्षांपूर्वी तिनेच तो आमच्या घरात लावला होता. फक्त तेव्हा घरात आणायची भाषा इंग्रजी नव्हती. मराठी होती.

आमचं घर मूळचं धुळे जिल्ह्यातलं. वडिलांना कंपनीत नोकरी लागली म्हणून चिंचवडला आलो. पिंपरी-चिंचवडमध्ये खानदेशातली हजारो कुटुंबं अशीच आलेली आहेत. घरात अहिराणी. अहिराणीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण नाशिकच्या अलीकडे ती फारशी कुणाला ठाऊक नसते, आणि ठाऊक असते ती यूट्यूबवरच्या लग्नातल्या गाण्यांमुळे. धुळे, नंदुरबार, जळगावचा बराचसा भाग, नाशिकचे मालेगाव-सटाण्याकडचे तालुके, असा तिचा मुलूख. ग्रिअर्सनने भारतीय भाषांचं सर्वेक्षण केलं तेव्हा खानदेशीला मराठीच्या खंडात न घालता १९०७ सालच्या भिल्ली भाषांच्या खंडात ठेवलं. २०११च्या जनगणनेतही खानदेशी मराठीपासून वेगळी मोजली आहे आणि ती बोलणारे साडेअठरा लाखांच्या आसपास आहेत. अभ्यासक बोली की भाषा यावर वाद घालतात. शाळेत मात्र वाद नसतो, तिथे तिचं एकच नाव असतं: अशुद्ध.

मी पहिलीत असताना वर्गात उभी राहून बाईंना म्हणाले, "माले पानी पेवानं शे." वर्ग हसला. बाईसुद्धा हसल्या. त्या वाईट नव्हत्या, त्यांना खरंच गंमत वाटली असणार. मी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून आईने माझ्याशी अहिराणी बोलणं बंद केलं. चर्चा नाही, घोषणा नाही. सकाळी उठले तर आई मराठी बोलत होती.

तिचं मराठी पुस्तकातून आलेलं होतं. त्यामुळे ती माझ्याशी पाठ्यपुस्तकासारखं बोलायची. 'डोळा' म्हणताना तिची जीभ क्षणभर अडायची, कारण तोंडात आधी 'डोया' आलेला असायचा. मराठीत ती चुकत नसे. पण मराठीत ती विनोदही करत नसे. माझी मावशी आली, की दोघी स्वयंपाकघरात बसून अहिराणीत जे काही बोलायच्या आणि ज्या आवाजात हसायच्या, ते ऐकून मला वाटायचं की ही बाई माझ्याशी अशी का बोलत नाही? नकला करणारी, गावातल्या प्रत्येकाला नावं ठेवणारी, वाक्यागणिक म्हण टाकणारी ती बाई मावशी एसटीत बसली की गायब व्हायची. मग मला पुन्हा शुद्ध मराठी बोलणारी, जरा गंभीर, जरा जपून वागणारी आई मिळायची.

परिणाम असा की मला अहिराणी पूर्ण कळते आणि बोलता येत नाही. हे वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं असंच असेल. कुणाचं मालवणीबाबत, कुणाचं वऱ्हाडीबाबत, कुणाचं घरातल्या कानडी किंवा तेलुगूबाबत. आजी बोलते, आपल्याला शब्दन् शब्द कळतो, आणि उत्तर आपण दुसऱ्याच भाषेत देतो. बाहेरच्याला हे विचित्र दिसतं, आपल्याला त्यात काही वाटेनासं झालेलं असतं.

आता माझ्या लेकीकडे येते. नर्सरीच्या पहिल्या पालकसभेत टीचर म्हणाल्या, घरी जास्तीत जास्त इंग्लिश बोला, मुलं पटकन पिकअप करतात. नवऱ्याने आणि मी गाडीतच ठरवून टाकलं. नवरा म्हणाला, "पहिल्या इंटरव्ह्यूत मी दहा मिनिटं नुसता घाम पुसत होतो. हिच्यावर ती वेळ येऊ नये." यावर मी काय बोलणार? माझाही तोच अनुभव. कॉलेजमध्ये ग्रुप डिस्कशनला मनात वाक्य जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा.

इंग्रजीची ही ओढ मी हसण्यावारी नेणार नाही. मातृभाषेचे गोडवे गाणं ज्यांना परवडतं त्यांची मुलं बहुतेक वेळा आधीच इंग्रजी शाळेत असतात. सावित्रीबाई फुल्यांच्या १८५४ सालच्या 'काव्यफुले'मध्ये इंग्रजीला माउली म्हणणारी कविता आहे. ज्यांना इथल्या भाषेने शतकानुशतकं दाराबाहेर ठेवलं, त्यांना परकी भाषा हे दुसरं दार वाटलं, आणि ते होतंही. माझ्या आईला पुण्याचं मराठी तसंच दार वाटलं होतं.

म्हणून प्रश्न इंग्रजी शिकवावं की नाही हा नाहीच. शिकवावं. मला जो प्रश्न दिवाळीपासून छळतोय तो वेगळा आहे. 'घरी दुसरी भाषा शिकवणं' या एका नावाखाली आपण दोन कामं करतो. एक, नवी भाषा घरात आणणं. दुसरं, घरात असलेली भाषा मुलापुरती बंद करणं. पहिल्या कामाचा गाजावाजा होतो, त्याची पुस्तकं आणतो, ॲप घेतो, पाहुण्यांसमोर पोएम म्हणायला लावतो. दुसरं काम गुपचूप होतं, आणि ते कुणी केलं हे नंतर कुणालाच नीट सांगता येत नाही.

दुसऱ्या कामाच्या समर्थनाला नेहमी एकच कारण दिलं जातं: दोन भाषांनी मूल गोंधळतं. हे खरं नाही. जन्मापासून दोन भाषा ऐकणारी मुलं बोलायला लागण्याचे टप्पे साधारण इतर मुलांसारखेच गाठतात. एकेका भाषेतले शब्द सुरुवातीला कमी दिसतात, दोन्हींची बेरीज केली की फारसा फरक राहत नाही. 'मम्मा, मला वॉटर दे' हा गोंधळ नसतो, हाताशी असलेला शब्द वापरणं असतं, आणि आपण मोठी माणसं दिवसभर तेच करतो. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी झ्यूल रोंझा या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने आपल्या मुलाला असं वाढवलं: तो स्वतः फ्रेंच बोले, त्याची जर्मन बायको जर्मन. मुलगा दोन्ही नीट शिकला, आणि १९१३ साली रोंझाने त्यावर पुस्तक लिहिलं. तिथे दोघंही आपापल्या भाषेत बोलत होते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कुणालाही स्वतःची भाषा गिळावी लागली नाही.

आमच्या घरातलं इंग्रजी कसं आहे ते सांगते. मी एक दिवस मुद्दाम लक्ष ठेवलं. ब्रश युअर टीथ. फिनिश युअर मिल्क. डोन्ट टच. व्हॉट कलर इज धिस? गुड जॉब. से सॉरी. दिवसभरात मी लेकीला हुकूम दिले, प्रश्न विचारून परीक्षा घेतली आणि शाबासकी दिली. गप्पा मारल्या नाहीत. मला इंग्रजीत ईमेल लिहिता येतो, प्रेझेंटेशन देता येतं, पण चार वर्षांच्या मुलीची थट्टा करता येत नाही. लटकं रागावता येत नाही. पाऊस भुरभुरतोय आणि पाऊस कोसळतोय यातला फरक सांगताना मी अडकते आणि 'इट्स रेनिंग' म्हणून मोकळी होते. म्हणजे मीही तिच्याशी पाठ्यपुस्तकासारखंच बोलते. तिला ज्या आईशी बोलायला मिळतं ती जरा गंभीर, जरा जपून वागणारी बाई आहे. हे वाक्य मनात जुळलं तेव्हा मला माझी आई आठवली, आणि मी थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभी राहिले.

पण इथे माझ्या बाजूने रडून चालणार नाही. माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप आहे आणि तो जोरकस आहे.

फ्रेंच निबंधकार मोंतेन्य १५३३ साली जन्मला. त्याच्या वडिलांना मुलाने लॅटिन शिकावं अशी हौस होती, म्हणून त्यांनी फ्रेंचचा गंध नसलेला एक जर्मन शिक्षक आणला आणि बाळ त्याच्या ताब्यात दिलं. घरात नियम असा, की बाळासमोर आई, वडील, नोकर, मोलकरीण, सगळ्यांनी येईल तेवढं लॅटिनच बोलायचं. सहा वर्षांचा होईपर्यंत त्या पोराला ना फ्रेंच येत होतं ना गावची बोली. पुढे शाळेत गेल्यावर त्याचं लॅटिन बिघडलं, वापरातून गेलं, आणि त्याने आपले निबंध फ्रेंचमध्ये लिहिले. पण एका निबंधात तो सांगतो, की चाळीस वर्षं लॅटिन न बोलताही, एकदा धडधाकट वडील चक्कर येऊन त्याच्या अंगावर कोसळले तेव्हा त्याच्या आतड्यातून आलेले पहिले शब्द लॅटिन होते.

आपण म्हणतो, दुःखात माणूस मातृभाषेत ओरडतो. मोंतेन्य ज्या भाषेत ओरडला ती त्याच्या आईची नव्हती. वडिलांचीही नव्हती. ती पगारी शिक्षकाकडून आलेली, तेव्हा कुणाच्याच घरात न बोलली जाणारी भाषा होती. म्हणजे काळजातली भाषा रक्ताने येते वगैरे जे आपण बोलतो त्यात फारसा दम नाही. लहानपणी जी कानावर पडते ती आतड्यात जाते. उद्या माझी लेक इंग्रजीत स्वप्नं पाहील, इंग्रजीत रडेल, आणि तिला काही हरवल्यासारखं अजिबात वाटणार नाही. मग तिचं नेमकं नुकसान काय झालं? हरवलं असेल तर माझं हरवलं, माझ्या आईचं हरवलं. आणि आमच्या हळहळीपायी तिच्यावर एखादी भाषा लादणं हाही स्वार्थच नाही का?

यावर मी बरेच दिवस अडकले होते. मोंतेन्यच्या घरात पुन्हा डोकावले तेव्हा एक गोष्ट दिसली. त्या घरात बाळासाठी अख्खं घर शिकलं. त्याची आई शिकली, मोलकरणी शिकल्या, इतकं की अवजारांची लॅटिन नावं आसपासच्या गावांतही पसरून तिथे रुजली, असं तोच लिहितो. आमच्याकडे घर शिकत नाही. आमच्याकडे घर गप्प बसतं. माझी आई 'यस, यस' म्हणते. लेकीचं नुकसान शब्दांचं नाही, माणसांचं आहे. तिच्या आजूबाजूला जी माणसं आहेत, त्यांपैकी निम्मी तिला फक्त मान हलवणारी म्हणून माहीत होणार. आजीला कुणाची नक्कल करता येते, आजोबा कशावर चिडतात, हे तिला कळणारच नाही, आणि कळलं नाही हेही कळणार नाही. तिला हळहळ वाटणार नाही म्हणून ते नुकसान नाही, असं मला म्हणता येत नाही. ज्या मित्राशी आपली कधी भेटच झाली नाही त्याची आठवण कशी येणार?

दुसऱ्या टोकाचं उदाहरण जेरुसलेममधलं आहे. एलिएझर बेन-येहुदा याने ठरवलं होतं, की शेकडो वर्षं फक्त ग्रंथांत आणि प्रार्थनेत राहिलेली हिब्रू पुन्हा घरात बोलली जावी. १८८२ साली त्याला मुलगा झाला. त्याच्या कानावर हिब्रूखेरीज काही पडू द्यायचं नाही असा दंडक. मूल बोलायला फार उशिरा लागलं. त्या मुलाने मोठेपणी लिहिलेली हकिगत प्रसिद्ध आहे: एकदा आई त्याला रशियन अंगाई म्हणत होती, ते बाप घरात येता येता ऐकतो आणि भयंकर संतापतो. आज हिब्रू लाखो घरांत बोलली जाते, त्यामुळे ही गोष्ट कौतुकाने सांगितली जाते. मला मात्र त्या बाईचं वाटतं. दिवसभर नियम पाळला असेल तिने. बाळ झोपेना म्हणून जी एक अंगाई तिला येत होती ती तिने म्हटली, एवढंच. हिब्रू वाचली म्हणून ती रात्र माफ होते का? मला उत्तर देता येत नाही. एवढं कळतं की तिथे बापाला मुलाशी बोलायचं होतं त्यापेक्षा मुलाकडून काहीतरी सिद्ध करून घ्यायचं होतं.

२०२५च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी लावण्याचा शासन निर्णय आला तेव्हा केवढं वादळ उठलं, आठवत असेल. कोवळ्या वयात मुलावर भाषांचं ओझं नको, आधी मातृभाषा पक्की होऊ द्या, असं सगळे म्हणत होते, आणि जूनच्या अखेरीस सरकारला निर्णय मागे घ्यावा लागला. आमच्या नर्सरीच्या पालकांच्या ग्रुपवर ते मेसेज फिरत होते. मीही दोन फॉरवर्ड केले. एक तर लेकीला 'कम हिअर, इट युअर पोहा' म्हणता म्हणता केला. सरकारने आपल्या मुलाची भाषा ठरवू नये हे मला एका क्षणात पटतं. मी ती ठरवावी का, हे मला कुणी विचारलं नव्हतं.

दिवाळीतच एका रात्री मी आईला हे सगळं बोलून दाखवलं. म्हटलं, तू माझ्याशी अहिराणी बंद करायला नको होतीस. मला वाटलं, तिला बरं वाटेल. तिने भाजी निवडता निवडता विचारलं, "तू ते काय काय लिहितेस, ते कोणत्या भाषेत लिहितेस?"

"मराठीत."

"मग?"

या 'मग'ला उत्तर नाही. तिने जे काढून घेतलं त्याबद्दलची तक्रार मी तिने जे दिलं त्याच भाषेत करतेय. तिने तसं केलं नसतं तर तक्रार करायला ही मी नसतेच, दुसरीच कुणी असती, कदाचित जास्त हसणारी. थोड्या वेळाने ती म्हणाली, "मला काय हौस होती का? तू वर्गात पाणी मागितलंस आणि लोक हसले. आईने काय करायचं?" आणि मग, अगदी सहज, "दोन्ही बोलता येतं हे मला कुठं माहीत होतं? कुणी सांगितलंच नाही."

हे मला लागलं, कारण मला माहीत होतं. मला फोनवर दोन मिनिटांत सापडलं असतं. आईकडे माहिती नव्हती, मला माहिती असून धीर झाला नाही.

तेव्हापासून आमच्याकडे थोडी ढिलाई आहे. नवरा इंग्रजी बोलतो, त्याला जमतं आणि त्याला ते हवं आहे. मी मराठीवर परत आलेय. पहिला आठवडा लेक माझ्याकडे संशयाने बघत होती, मग एके रात्री तिने गोष्ट संपल्यावर 'अजून' म्हटलं. आई रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करते, आणि तिला मी सांगितलंय की तू तुझ्या बहिणीशी बोलतेस तशी बोल. नुसते व्हिडिओ दाखवून भागलं नसतं. पॅट्रिशिया कुल या संशोधिकेने नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांवर केलेला एक प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. समोर बसून खेळवणाऱ्या माणसाकडून बाळांनी चिनी भाषेतले ध्वनी उचलले, तेच व्हिडिओवर दाखवलं तर काहीच उचललं नाही. व्हिडिओ कॉलमध्ये निदान पलीकडचं माणूस उत्तर देतं, चिडतं, नाव घेऊन हाक मारतं. लेकीला फार काही येत नाही. 'माय', 'आठे ये', 'काय करी ऱ्हायनी', एवढंच. उच्चार माझ्यापेक्षा चांगला आहे, हे मला थोडं झोंबतं.

मागच्या शुक्रवारी टीचरचा मेसेज आला. नेहमीसारखा गोड, स्माइली वगैरे. लेक वर्गात दुसऱ्या मुलीला 'आठे ये, आठे बस' म्हणत होती, बाकीच्या मुलांना काही कळेना, सगळी हसली. घरी कोणती लँग्वेज बोलता, जस्ट चेकिंग.

माझ्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. इतका सगळा विचार करून, मोंतेन्य वाचून, पहिली गोष्ट मला झाली ती लाज. मी तो मेसेज आईला फोनवर वाचून दाखवला. ती आधी मोठ्याने हसली, मावशीबरोबर हसायची तशी. मग एकदम थांबली आणि म्हणाली, "मग आता नको बोलू का मी तिच्याशी?"

तिला म्हटलं, बोल. टीचरना मात्र अजून उत्तर लिहिलेलं नाही. तीनदा टाइप करून खोडलं. पहिल्या दोन्ही वेळी सुरुवात 'सॉरी मॅम'ने झाली होती.